जपानच्या सुट्ट्या आणि आपली सहल



शाळेच्या सुट्ट्यांच्या तारखा हातात आल्या की आपल्या घरांमध्ये चर्चा सुरू होते. यंदा भारतात जायचं, की आणखी कुठे? गेल्या काही वर्षांत या "आणखी कुठे"चं उत्तर पुष्कळ घरांतून "जपान" असं येतंय. येन उतरल्यापासून तिथला खर्च आवाक्यात आलाय. इथून, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, टोकियोला थेट विमानं आहेत. भारतात जाता-येता वाटेत चार-सहा दिवस जपान करून घ्यायचं, असाही बेत बरेचजण आखतात.

पण आपल्याला रजा मिळते ती ख्रिसमसच्या आसपास, नाहीतर उन्हाळ्यात. आणि जपानमधली माणसं आपापल्या गावी निघतात तीसुद्धा नेमकी डिसेंबरअखेर आणि ऑगस्टच्या मध्यात. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था होते, ती तिथे अख्ख्या देशाची होते, फक्त आरडाओरडा नसतो. तेव्हा आज आपण फूजी पर्वत आणि चेरीची फुलं बाजूला ठेवू. जपानी लोक सुट्टी कधी घेतात, कशासाठी घेतात, त्या दिवशी काय उघडं असतं, काय बंद असतं, आणि पाहुणे म्हणून आपण कसं वागायचं, एवढंच बोलू. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना घेऊन जाणार असाल, तर या माहितीवाचून सहलीचे दोन-तीन दिवस सहज वाया जातात.

तिथल्या सरकारी सुट्ट्या १९४८ सालच्या एका कायद्याने ठरतात. आज त्या यादीत १६ सुट्ट्या आहेत. यादी वाचताना मोठी गंमत वाटते. समुद्राचा दिवस, पर्वताचा दिवस, हिरवाईचा दिवस, बालदिन, वडीलधाऱ्यांचा मान राखण्याचा दिवस. एकाही देवाचं नाव नाही. महायुद्धात हरल्यानंतर जपान अमेरिकी सैन्याच्या देखरेखीखाली होता आणि धर्म व सरकार वेगळं ठेवायचं ठरलं होतं. म्हणून जुन्या सणांची नावं बदलली, पण तारखा बऱ्याचशा तिथेच राहिल्या. ३ नोव्हेंबरचा "संस्कृती दिन" हा मुळात सम्राट मेइजींचा वाढदिवस. २९ एप्रिलचा "शोवा दिन" हा सम्राट हिरोहितोंचा वाढदिवस. आणि २३ नोव्हेंबरचा "श्रम-कृतज्ञता दिन" म्हणजे नव्या भाताचा नैवेद्य दाखवण्याचा राजघराण्यातला जुना विधी. आपल्याकडे नवान्न पौर्णिमेला करतात तसंच काहीसं. इथल्या थँक्सगिव्हिंगच्या आगेमागेच तो येतो, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

सध्याचे सम्राट नारुहितो यांचा वाढदिवस २३ फेब्रुवारीला असतो आणि २०२० पासून त्या दिवशी सुट्टी असते. आधीच्या सम्राटांचा वाढदिवस २३ डिसेंबरला होता, म्हणून २०१८ पर्यंत सुट्टी तेव्हा असायची. कपाटातलं जुनं गाइडबुक घेऊन निघाला असाल तर एवढं दुरुस्त करून घ्या.

दोन सुट्ट्या तर चक्क आकाशाकडे बघून ठरतात. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात त्या दिवशी सुट्टी असते. तारीख वर्षागणिक एखाद्या दिवसाने सरकते, म्हणून राष्ट्रीय वेधशाळेच्या गणितावरून आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती जाहीर होते. पंचांगावर वाढलेल्या आपल्या पिढीला यात काही नवल वाटायला नको.

मात्र चंद्राचं पंचांग जपानने केव्हाच सोडलं. १ जानेवारी १८७३ पासून तिथे इंग्रजी कॅलेंडर चालतं. त्यामुळे चीन-कोरियासारखं फेब्रुवारीच्या सुमारास येणारं नववर्ष तिथे नाही. नवं वर्ष १ जानेवारीलाच, आणि तेही पार्टीचं नव्हे, दिवाळीसारखं घरगुती आणि देवदर्शनाचं.

यादी पाठ करायची गरज नाही, पण तीन नियम लक्षात ठेवा. सुट्टी रविवारी आली तर पुढच्या दिवशी भरपाईची सुट्टी मिळते. दोन सुट्ट्यांच्या मध्ये एकच कामाचा दिवस अडकला तर तोही सुट्टीचा होतो. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये असा योग येऊन सलग पाच दिवसांची सुट्टी झाली होती, आणि २०२६ च्या सप्टेंबरमध्ये १९ ते २३ तारखांना तो पुन्हा आहे. तिसरा नियम प्रवाशांच्या सर्वांत जास्त उपयोगाचा. जपानमधली बहुतेक म्युझियम सोमवारी बंद असतात. पण सोमवारी सरकारी सुट्टी असेल तर ती उघडी राहतात आणि मंगळवारी बंद होतात. आता जानेवारी, जुलै, सप्टेंबर आणि ऑक्टोबर या चार महिन्यांतल्या एकेका सुट्टीला कायद्यानेच सोमवार नेमून दिलाय. म्हणजे उएनोचं राष्ट्रीय म्युझियम "सोमवार टाळून मंगळवारी करू" म्हणून गेलेला माणूस बंद दारासमोर उभा राहू शकतो. ज्या आठवड्यात जाणार, त्याच आठवड्याच्या तारखा म्युझियमच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

एवढी तयारी झाली की मग उरतात तीन मोठ्या लाटा. नववर्ष, एप्रिलअखेरचा "गोल्डन वीक", आणि ऑगस्टमधला "ओबोन".

आधी नववर्ष, कारण आपल्यापैकी बहुतेकजण तेव्हाच जाणार. ख्रिसमसला जपानमध्ये सुट्टी नसते. दिव्यांची रोषणाई असते, स्ट्रॉबेरी लावलेला पांढरा केक असतो, तळलेल्या कोंबडीसाठी केएफसीसमोर रांगा लागतात, पण कचेऱ्या चालू असतात. तेव्हा २५ तारखेला निर्धास्त फिरा. खरी सुट्टी पुढेच आहे. कायद्याप्रमाणे फक्त १ जानेवारी सुट्टीचा, प्रत्यक्षात मात्र सरकारी कचेऱ्या २९ डिसेंबरपासून ३ जानेवारीपर्यंत बंद. बँका ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद. पुष्कळ म्युझियम, लहान उपाहारगृहं, कुटुंबाची छोटी दुकानं, सगळ्यांना कुलूप. चोवीस तास उघडी असणारी कोपऱ्यावरची दुकानं, ज्यांना तिथे "कोम्बिनी" म्हणतात, ती मात्र चालू असतात, आणि सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर आपली परदेशी कार्डं चालतात. तरीही थोडी रोकड जवळ असू द्या.

मग या दिवसांत जावं की नाही? माझं मत विचाराल तर जरूर जावं, पण फिरू नये. २८-२९ डिसेंबरला शहरांतून गावाकडे आणि २-३ जानेवारीला गावाकडून शहरांत अशी गर्दी वाहते. त्या चार दिवसांत गाडी, हॉटेल, गाव काहीही बदलू नका. २७ पर्यंत जिथे राहायचं तिथे पोहोचा, ४ तारखेपर्यंत तिथेच राहा. मग हीच बंद दुकानांची शांतता बघण्यासारखी होते. टोकियोचे रस्ते इतके रिकामे वर्षात क्वचितच दिसतात.

३१ च्या रात्री लोक गव्हाच्या नव्हे, "सोबा" म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या लांब शेवया खातात. बारा वाजण्याच्या सुमारास बौद्ध मंदिरांत घंटा वाजू लागते ती १०८ वेळा. माणसाचे १०८ मोह एकेक टोल्याने झडावेत म्हणून. आपल्या जपमाळेत १०८ मणी का, हे मुलांना समजावताना आपण अडखळतो. तिथे तो आकडा कानांनी मोजता येतो. क्योतोच्या चिओन-इन मंदिरातली घंटा एवढी प्रचंड आहे की ती वाजवायला १७ भिक्षू लागतात.

त्यानंतर पहिल्या तीन दिवसांत वर्षातलं पहिलं देवदर्शन, "हात्सुमोदे". टोकियोतल्या मेइजी देवळात या तीन दिवसांत सुमारे ३० लाख माणसं येतात. आषाढीला पंढरपूर पाहिलेल्यांना आकड्याची धास्ती वाटणार नाही, पण आजी-आजोबांना तासन् तास थंडीत उभं करण्यात अर्थ नाही. तुमच्या हॉटेलजवळच्या गल्लीत एखादं लहान देऊळ असतंच. तिथे जा. शेजारपाजारची माणसं येतात, गरम गोड "आमाझाके" मिळालं तर मुलंही खूश होतात. विचारून घ्या, कारण त्याचा एक प्रकार तांदळाच्या किण्वाचा, बिनदारूचा असतो आणि दुसऱ्यात किंचित दारू उतरलेली असू शकते.

शुभेच्छांचंही एक शास्त्र आहे. रात्री बाराच्या आधी "नवीन वर्षाच्या शुभेच्छा" देत नाहीत. तोपर्यंत म्हणायचं "योई ओतोशी ओ", म्हणजे येणारं वर्ष चांगलं उजाडो. उजाडल्यावर मग "आकेमाशिते ओमेदेतो". आणि ज्या घरात त्या वर्षात कुणी गेलं असेल, त्यांना नववर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या नाहीत. ते लोक स्वतःही नववर्षाची कार्डं पाठवत नाहीत, आणि काही दिवस देवळाच्या तोरणदारातून आत जात नाहीत. सुतक म्हटलं की आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऑफिसमधल्या जपानी सहकाऱ्याच्या घरी जाणार असाल तर हे आधी हळूच विचारून घ्या.

दुसरी लाट गोल्डन वीकची. २९ एप्रिल, ३ मे, ४ मे, ५ मे अशा चार सुट्ट्या, अधेमधे शनिवार-रविवार. ३ मे हा राज्यघटनेचा दिवस, १९४७ साली घटना अमलात आली तो. ५ मे बालदिन. तेव्हा घरांवर आणि नद्यांवर कापडी मासे फडकताना दिसतात, प्रवाहाविरुद्ध पोहणारा कार्प मासा, मुलांनी तसं धीट व्हावं म्हणून. दिसायला फार सुंदर. पण इथल्या आपल्या शाळा तेव्हा चालूच असतात, त्यामुळे हा आठवडा टाळणं आपल्याला सोपं आहे. टाळाच. यावर अधिक वेळ घालवत नाही.

तिसरी लाट ओबोनची, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. १३ ते १६ ऑगस्ट. टोकियोत काही घरी जुलैतच करतात. ही सरकारी सुट्टी नाही, म्हणून कॅलेंडरवर लाल रंगात दिसत नाही आणि पाहुणे फसतात. ११ ऑगस्टचा पर्वत दिन तेवढा २०१६ पासून सुट्टीचा झालाय. त्याला जोडून कंपन्या आठवडाभर बंद ठेवतात.

ओबोन म्हणजे पितर घरी येण्याचे दिवस. आपला पितृपक्षच म्हणा ना. हा शब्दसुद्धा बौद्ध परंपरेत "उल्लंबन" या संस्कृत शब्दापर्यंत नेऊन लावतात. १३ तारखेला दारात लहानसा जाळ करून पितरांना वाट दाखवायची, १६ ला पुन्हा जाळ करून निरोप द्यायचा. घरातल्या देव्हाऱ्यापुढे काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करतात आणि वांग्याला पाय लावून गाय. येताना पितरांनी घोड्यावरून लवकर यावं, जाताना गाईवरून रमत-गमत जावं. आपल्याकडे कावळ्याची वाट बघतात, तिथे वांग्याची गाय. आजीला हे नक्की दाखवा, दुभाष्याशिवाय कळेल.

मोठा फरक म्हणजे आपल्याकडे पितृपक्षात शुभकार्य टाळतात आणि वातावरण जरा दबकं असतं. तिथे मात्र गल्लोगल्ली नाच होतो. मध्ये उंच मचाण, त्यावर ढोल, आणि भोवती गोल करून सुती किमोनोतली माणसं. पितर आलेत, तर आनंदच करायचा. या "बोन ओदोरी"त परक्यालाही सहसा घेतात. पुढच्या माणसाचे हात बघायचे आणि तसंच करायचं. मुलींनी इथे मंडळात मंगळागौरीचे खेळ केले असतील तर दोन फेऱ्यांत जमेल. क्योतोत १६ तारखेला रात्री आठ वाजता शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर निरोपाच्या प्रचंड आगी पेटवतात. एका डोंगरावर "मोठा" या अर्थाचं अक्षर जळताना दिसतं. तो निरोप आहे, आतषबाजी नव्हे. टाळ्या वाजवू नयेत, शेजारी कुणी हात जोडून उभं असेल तर आपणही तसंच उभं राहावं.

त्याच महिन्यात आणखी तीन तारखा येतात. ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला हिरोशिमा, ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकी स्तब्ध होतं. ६ ला संध्याकाळी हिरोशिमात मोतोयासु नदीवर कागदी कंदील सोडतात. आणि १५ ऑगस्टला आपण झेंडावंदनाचे फोटो पाठवत असतो, तेव्हा जपान युद्धातल्या मृतांसाठी दुपारी बारा वाजता मौन पाळतो. मुलांना याची कल्पना देऊन ठेवा, म्हणजे गाडीत त्या वेळी मोठ्याने "हॅपी इंडिपेंडन्स डे" होणार नाही.

आता गाड्यांचं. बुलेट ट्रेनमधली सर्वांत वेगवान "नोझोमी". एरवी तिला काही बिनआरक्षित डबे असतात. २०२३ च्या अखेरीपासून मात्र या तिन्ही लाटांमध्ये नोझोमी पूर्णपणे आरक्षित असते. "बघू, जाऊन बसू" तिथे चालत नाही. तिकिटं बरोबर एक महिना आधी जपानच्या वेळेप्रमाणे सकाळी दहाला सुटतात. तो गजर लावून ठेवा. आपला रेल्वे पास घ्यायचा जुना सल्लाही आता तपासून घ्यायला हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास सुमारे ३० हजार येनवरून ५० हजारांवर गेला. टोकियो ते क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण १४ हजार येन. नुसतं जाऊन-येऊन करणाऱ्याला पास परवडत नाही, आणि पासवर नोझोमीला वेगळे पैसे लागतात ते निराळेच.

बॅगांचा विषय निघायलाच हवा, कारण आपण भारतातून परतताना पापड-लोणची-मसाल्यांसकट येणार. टोकियो-क्योतो-ओसाका मार्गावर ज्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाते, तिच्यासाठी डब्यातली ठरावीक मागची सीट आधी आरक्षित करावी लागते. आपल्या विमानातल्या मोठ्या बॅगा बहुधा या मापाच्या आसपास किंवा वरच असतात. सोपा उपाय म्हणजे कुरियर. तिथे त्याला "ताक्क्युबिन" म्हणतात. आजच्या हॉटेलातून बॅग द्यायची, सहसा उद्या पुढच्या हॉटेलात पोहोचते. गर्दीच्या दिवसांत एखादा दिवस जास्त धरा. एका रात्रीचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

औषधांवरून आठवलं. हे पालकांनी कान देऊन ऐकावं. इथे एडीएचडीसाठी डॉक्टर लिहून देतात त्या ॲडरॉलसारख्या गोळ्या, म्हणजे ॲम्फेटामिन असलेली औषधं, जपानमध्ये नेता येत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नाही. सर्दीच्या काही गोळ्यांवर आणि कोडीनवरही मर्यादा आहेत. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभरापेक्षा जास्त पुरतील एवढी न्यायची असतील, तर आधी सरकारकडून आयात परवान्याचा कागद मिळवावा लागतो. आजोबांची तीन महिन्यांची रक्तदाबाची औषधं यात येतात. हा अर्ज ज्या कचेरीकडे जातो, ती वर सांगितलेल्या सुट्ट्यांमध्ये बंद असते. जानेवारीत पोहोचायचं असेल तर कागद डिसेंबरच्या सुरुवातीलाच हातात हवा.

आता वागण्याचं. जपानी माणसाच्या बोलण्यात "मेइवाकु" हा शब्द सारखा येतो. आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास. तिथल्या बहुतेक रीती या एका शब्दावरून ओळखता येतात. गाडीत फोनवर बोलत नाहीत, कारण शेजाऱ्याला त्रास. रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या फारशा नसतात, आपला कचरा आपण घरी न्यायचा. एक रिकामी पिशवी रोज सोबत ठेवा. टिप द्यायची नाही. इथे वीस टक्क्यांची सवय झालेला हात आवरा, कारण टेबलावर ठेवलेले पैसे परत द्यायला वेटर रस्त्यापर्यंत धावत येतो. दुकानात पैसे हातात देण्याऐवजी समोरच्या छोट्या ताटलीत ठेवायचे. आणि आपण आठ-दहाजण एकत्र असलो की गप्पांचा आवाज कसा चढतो, ते मी सांगायला नको.

चपला बाहेर काढणं आपल्याला शिकवावं लागत नाही, पण तिथे पुढची पायरी आहे. घरातल्या स्लिपर घालून आत जायचं, चटईच्या म्हणजे "तातामी"च्या खोलीत त्याही काढायच्या, आणि स्वच्छतागृहाच्या वेगळ्या स्लिपर तिथेच सोडून यायच्या. त्याच घालून दिवाणखान्यात आलात तर यजमान काही बोलणार नाहीत, पण विसरणारही नाहीत. मोजे धड असलेले घ्या.

जेवताना दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. उभ्या काड्यांचा भात मृताला वाहतात, आणि दहनानंतर अस्थी दोघांनी मिळून अशाच काड्यांनी उचलतात. पिंडाचा भात पाहिलेल्या माणसाला यातलं गांभीर्य चटकन कळतं. लहान मुलं खेळ म्हणून हे करतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.

देवळांत दोन प्रकार. तोरणासारखं लाल किंवा लाकडी दार असेल तर ते शिंतो देऊळ. हात धुवायचे, नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. पाच येनचं नाणं शुभ, कारण "गोएन" या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध.

शाकाहारी मंडळींची खरी अडचण मांसाची नसून "दाशी"ची आहे. हा माशाचा, बहुधा सुकवलेल्या बोनिटोचा अर्क. सूप, भाजी, सोबाचा रस्सा, सगळ्यात तो असतो, आणि तिथल्या माणसाच्या लेखी ते मासे खाणं नव्हेच. त्यामुळे "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. "निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो" असं, म्हणजे मांस-मासे खात नाही, दाशीसुद्धा, हे जपानीत लिहून घेतलेला कागद दाखवा. नववर्षाच्या बंद दिवसांसाठी दशम्या, चिवडा, भाजणी, मेतकूट सोबत असू द्या. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका, विमानतळावर ते काढून घेतात. टोकियोत निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. तिथे आपल्या सामानाची दुकानं आणि उपाहारगृहं मिळतील.

याला एक फार चांगला अपवाद आहे, कोयासान. ओसाकाच्या दक्षिणेला सुमारे ८०० मीटर उंचीवरचं मठांचं गाव. तिथल्या मठांत राहता येतं आणि जेवण असतं "शोजिन र्‍योरी", मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. ऑगस्टमध्ये अडकलातच तर ओबोनचे दिवस इथे काढा. खालच्या शहरांपेक्षा हवा थंड असते, आणि १३ ऑगस्टच्या रात्री तिथल्या ओकुनोइन या विशाल स्मशानभूमीतल्या वाटेवर दुतर्फा मेणबत्त्या लावतात. थडग्यांवरची अक्षरं नीट बघा. कित्येक दगडांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं आहेत, आपल्या देवनागरीच्या नात्यातली. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. मठाची खोली बरीच आधी आरक्षित करावी लागते.

आणि नववर्षाला टोकियोत असाल आणि परतीचं विमान ८ जानेवारीचं किंवा नंतरचं असेल, तर ७ तारखेची सकाळ राखून ठेवा. आसाकुसाच्या प्रसिद्ध मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सुमिदा नदीजवळच्या एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं मंदिर आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचलेला आपला गणपती. त्याची मूर्ती कधीच दाखवत नाहीत, म्हणून गाभाऱ्यात डोकावू नका. त्याला मोदकांऐवजी पांढरा मुळा वाहतात. मंदिरभर मुळ्याची चिन्हं कोरलेली आहेत. ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव असतो. दारातच मुळा विकत मिळतो, तो घेऊन वाहायचा. मुलांना गणपतीची आरती म्हणावीशी वाटली तर म्हणू द्या, फक्त हळू आवाजात.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.